तिघींचा एक स्टोव्ह

काही घरांत जुने फोटो साठतात, काही घरांत प्लॅस्टिकचे डबे. आमच्याकडे किस्से साठलेत, आणि तेही सगळे खाण्याचे! संगी, यमू आणि मी वर्षातून एकदा तरी भेटतो. नवरे, मुलं, नोकऱ्या यांची चौकशी पाच मिनिटांत आटपते. मग कुणीतरी म्हणतं, "ए, ते पिठलं आठवतंय?" की झालं! पुढचे दोन तास आमच्याशी कुणी बोलू शकत नाही. माझी मुलगी तर हल्ली सरळ उठून दुसऱ्या खोलीत जाते. जाता जाता विचारते, "आई, तुम्ही नाशिकला शिकायला गेला होतात की जेवायला?"

प्रश्न रास्त आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बीएस्सीला अॅडमिशन मिळाली आणि गंगापूर रोडवरच्या एका बंगलीच्या वरच्या खोलीत आम्ही तिघी येऊन पडलो. मी निफाडजवळची, घरी द्राक्षबाग. संगीता सटाण्याकडची, आनंद झाला की थेट अहिराणीत शिरणारी. आणि यमुना सुरगाण्याच्या पुढच्या एका पाड्यावरची, त्यांच्या घरातली कॉलेजात जाणारी पहिली मुलगी. खाली मालक, अण्णा आणि सुमनकाकू. अण्णा सातपूरला कंपनीत पाळ्या करायचे, काकू शिवणक्लास चालवायच्या. मेस आमच्या खिशाला झेपणारी नव्हती, म्हणून हाताने करून खायचं असं तिघींच्याही घरी आधीच ठरलेलं होतं.

*

पहिल्या दिवशी सामान लावून झालं. वातीचा स्टोव्ह, रॉकेलचा कॅन, एक कुकर, कढई, तवा, डाळी-तांदूळ. सगळं कसं अगदी झकपक! आम्ही तिघी स्टोव्हसमोर मांडी घालून बसलो. आणि बसलोच.

थोड्या वेळाने मी म्हटलं, "संगी, कर की सुरुवात."

"मी? मला वाटलं यमू करील. माझी आई म्हणाली, डोंगराकडच्या पोरी लहानपणापासून चुलीपुढं असतात."

यमू घाबरून म्हणाली, "मी आठवीपासून आश्रमशाळेच्या वसतिगृहात. ताट घेऊन लायनीत उभं राहता येतं मला. आमच्या आईनं सांगितलं, निफाडची पोरगी हाय, सुगरण असंल."

आता दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी घरात शेंडेफळ. मला फक्त द्राक्षं धुता येत होती!

तेवढ्यात सुमनकाकू जिना चढून दारात आल्या. "काय गं, काय शिजतंय पहिल्या दिवशी?"

संगी म्हणाली, "सध्या विचार शिजतोय, काकू!"

त्या रात्री आम्ही चहा-चिवड्यावर झोपलो. पण गंमत सांगते, मला फार बरं वाटलं. तिघींपैकी एकीला जरी स्वयंपाक येत असता ना, तर तीन वर्षं उरलेल्या दोघी तिच्या धाकात जगल्या असत्या.

*

दुसऱ्या दिवशी पिठलं करायचं ठरलं. काकूंनी जिन्यावरूनच कृती सांगितली होती, "पाणी उकळलं की पीठ पेरायचं." इतकं सोपं!

पीठ पेरलं. पातळ वाटलं. अजून पेरलं. एकदम घट्ट! मग पाणी ओतलं. पुन्हा पातळ. पुन्हा पीठ. कढई भरली तसं अर्धं पातेल्यात काढलं. पातेलं भरलं तसं उरलेलं कुकरमध्ये. शेवटी यमूने बेसनाची पिशवी उलटी करून झटकली आणि म्हणाली, "बरं झालं, संपलं!"

तोवर कढईतलं पिठलं थंड होऊन इतकं बसलं होतं, की त्यात उभा केलेला चमचा उभाच राहिला. आम्ही तिघींनी पोटभर खाल्लं तरी दोन भांडी तशीच. अन्न टाकायला जीव होईना. रडवेल्या तोंडाने खाली काकूंकडे गेलो. काकूंनी भांड्यात बोट घातलं, चाखलं, आणि सुरीने त्याचे चौकोनी तुकडे पाडून अण्णांच्या मोठ्या डब्यात भरले. अण्णा डबा घेऊन पाळीला गेले.

आम्ही दिवसभर काळजीत! कंपनीत माणसं काय म्हणतील? अण्णा आम्हाला खोली सोडायला लावतील का?

दुसऱ्या दिवशी अण्णा रिकामा डबा घेऊन स्वतः वर आले. गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "आमच्या फिटरने निरोप दिलाय."

संगी यमूच्या मागे सरकली.

"म्हणाला, वड्या फस्क्लास झाल्यात. त्याच्या बायकोला रेसिपी पाहिजे."

*

आता अण्णांच्या झोपेचा किस्सा. दुपारपाळी असली की अण्णा अकराला जेवायचे आणि जरा आडवे व्हायचे. दोन वाजता नाक्यावर कंपनीची बस यायची. काकू त्या वेळी क्लासला. आम्ही सकाळचं कॉलेज करून एकला परत यायचो, आल्या आल्या कुकर लावायचो.

एके दिवशी तिसरी शिट्टी झाली आणि खालून अण्णांचा आवाज आला, "छ्याः! काय कटकट आहे!"

आम्ही गारठलो. दिवसरात्र मशिनवर राबणारा माणूस, त्याची झोप आम्ही मोडतोय! काकू एका शब्दाने बोलल्या नव्हत्या, म्हणजे अण्णा किती दिवस सोसत असतील? त्याच दिवशी ठरवलं, कुकर बंद. दुसऱ्या दिवसापासून उघड्या पातेल्यात डाळ. ती शिजायला इतका वेळ, की संगी पातेल्याशी बोलायला लागली, "शिज व माय, शिज!" भांडी ठेवताना आवाज नको म्हणून खाली टॉवेल अंथरला. चालायचं तर चवड्यांवर.

तिसऱ्या दिवशी अडीचच्या सुमारास जिना दणदणला. दारात अण्णा. केस विस्कटलेले, शर्टाची बटणं खालीवर.

"शिट्टी का वाजत नाही तुमची?"

मी चाचरत म्हटलं, "अण्णा, तुम्हाला त्रास होतो म्हणून आम्ही..."

"त्रास? अगं, गजर माझ्या कानात शिरत नाही, इतकी वर्षं मशिनच्या आवाजात गेली. तुमच्या तिसऱ्या शिट्टीला उठतो मी! दोन दिवस धावतपळत गाठली, आज बस गेली ना माझी!"

"पण तुम्ही त्या दिवशी कटकट म्हणालात..."

"कंपनीला म्हणालो! उठून जावं लागतं म्हणून!"

त्या दिवसानंतर तीन वर्षं दुपारपाळीच्या आठवड्यात आमचा कुकर घड्याळावर चालला. घरात शिजवायला काही नसलं, तर आम्ही नुसतं पाणी घालून शिट्ट्या काढायचो.

*

यमूचा डबा हा पहिल्या वर्षीचा किस्सा. दुपारी प्रॅक्टिकल असलं की आम्ही डबे न्यायचो. दिवाळीच्या सुट्टीनंतर यमू आमच्यात बसेनाच. "भूक नाही," म्हणायची आणि कुठेतरी जायची. दोन-तीनदा असं झालं. संगीला वाटलं, आपण काहीतरी लागट बोललो असणार. मला वाटलं, घरी काही बिनसलंय. आम्ही दोघी एकमेकींवर चिडलोसुद्धा.

शेवटी संगी तिच्या मागे गेली. मीही गेले. बॉटनीच्या बागेत, पाण्याच्या टाकीमागे, यमू पाठमोरी बसली होती. मांडीवर डबा, डब्याचं झाकण अर्धं लावलेलं. आत नागलीची, म्हणजे नाचणीची, काळसर भाकर, उडदाचं घट्ट वरण आणि खुरासणीची चटणी. दिवाळीत घरून शिकून आली होती, पहाटे आम्ही उठायच्या आत ती स्वतः करायची. वर्गातल्या कुणीतरी पहिल्या दिवशी भाकरीकडे बघून हसलं होतं म्हणे, "हे काय, जळलं का?"

यमूने आम्हाला पाहून झाकण गच्च लावलं. तिचे डोळे भरले होते.

संगीने डबा ओढून घेतला, भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला आणि तोंडात टाकला. थोडा वेळ नुसती चावत राहिली. मग जी भडकली! "मस्त शे हाई! आणि तू एकटी खातेस? आम्हाला ती कच्ची कणीक खाऊ घालतेस आणि चांगलं चांगलं इथं लपून खातेस? लाज नाही वाटत?"

यमू आधी रडली, मग हसायला लागली, मग दोन्ही. डब्यात तिघींचे हात गेले. आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघून हुश्श केलं. आमचं काही चुकलं नव्हतं!

इथे किस्सा संपायला हवा होता. पण महिन्याभराने यमूचे वडील आले. एसटीच्या टपावरून त्यांनी एक पोतं उतरवलं होतं. जिना चढून त्यांनी ते आमच्या खोलीत मधोमध ठेवलं, घाम पुसला आणि संगीकडे बघून प्रेमाने म्हणाले, "पोर सांगत व्हती, तुला नागली लय आवडली. खा बाय. कमी नाय पडायची."

आम्ही ती नागली उन्हाळ्यापर्यंत खाल्ली. भाकर, आंबील, पापड, लाडू! संगी रोज पोत्याकडे बघून म्हणायची, "मी तर फक्त समजूत काढायला गेले होते!"

*

द्राक्षांचा किस्सा छोटा आहे आणि तो काकूंसमोर सांगायचा नाही.

बागेची तोड सुरू झाली की आमच्याकडून क्रेट यायचा. एका वर्षी दोन आले. खाऊन खाऊन तोंडं सोलवटली. यमू म्हणाली, रस काढून ठेवू, सरबत करू. रस काढला, बादलीत भरला, वर ताट झाकलं आणि परीक्षेच्या नादात विसरलो. आमच्याकडे फ्रिज कुठला!

आठवड्याभराने ताट आपोआप हललं. बादलीतून बुडबुड आवाज. खोलीभर असा वास, की अण्णा अर्ध्या जिन्यातच थांबले. "पोरींनो! मी विद्यार्थिनींना खोली दिलीय. काय चालवताय वर?"

आम्ही गयावया केली. हे कळलं तर घरचे कॉलेज बंद करतील, अण्णा! तेवढ्यात काकू आल्या. त्यांनी चमच्याने चाखलं. मग अजून एक चमचा चाखलं. "नासलंय," त्या ठामपणे म्हणाल्या. "इथे मोरीत ओतू नका, वास राहील. मी खाली नेऊन टाकते."

बादली खाली गेली. अण्णांना त्या दिवशी सुट्टी होती. दुपारभर खालून दोघांचा हसण्याचा आवाज येत होता. संध्याकाळी काकूंनी बादली घासूनपुसून परत दिली आणि विचारलं, "पुढचा क्रेट कधी येणार गं?"

*

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, मुलीला खोलीवर ठेवायच्या विरोधात होते. आईने भांडून मला पाठवलं होतं. दादांचं एकच वाक्य होतं, "एक तक्रार आली, की बॅग भरायची."

दुसऱ्या वर्षी एका दुपारी दार वाजलं. दारात दादा! न कळवता. मार्केटला काम होतं म्हणाले. यमू आणि संगी कॉलेजात. खोलीत कपड्यांचा ढीग, कॉटवर पुस्तकं, आणि मी पेपरच्या अभ्यासात न विंचरलेली.

दादांनी सगळीकडे नजर फिरवली. मग खाली बसले. "जेवलो नाही," एवढंच म्हणाले.

मी डबे उघडले. तांदूळ संपलेले. भाजी नाही. कालच्या चार पोळ्या, एक कांदा, वाटीभर शेंगदाणे. बस्स! घरी दादांना ताटात शिळं वाढलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पण दुसरं होतं काय? पोळ्या हाताने चुरल्या, कांदा बारीक चिरला, फोडणीत शेंगदाणे, मिरची, हळद, वरून साखरेची चिमूट आणि लिंबू. कुस्करा ताटलीत वाढून समोर ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

दादा खाली मान घालून खात होते. चेहऱ्यावर काही नाही. ताटली स्वच्छ झाली.

"अजून हाय का?"

"नाही दादा."

"बरं." हात धुतला, चपला घातल्या, गेले. अभ्यासाचं विचारलं नाही, काही नाही.

मी तर गृहीतच धरलं. संध्याकाळी यमू-संगी आल्या तेव्हा मी खरंच बॅग खाली काढून बसले होते. तिघीही जेवलो नाही.

चार दिवसांनी अण्णांकडे आईचा फोन आला. मी रिसीव्हर कानाला लावला, तर आई आधीच तापलेली. "तू यांना काय खायला घातलंस गं?"

मी रडतच सांगायला लागले, "आई, काहीच नव्हतं गं, शिळ्या पोळ्या होत्या..."

"तेच! रोज सकाळी मागतायत! घरात पोळ्या शिळ्या उरत नाहीत, तर काल मुद्दाम चार जास्त करून ठेवल्या मी. केला तर म्हणतात, वैशूसारखा नाही झाला! काय घालतेस त्यात?"

बॅग परत कपाटावर गेली. बॅगेचं वाक्य दादांनी पुन्हा कधी उच्चारलं नाही. मार्केटचं काम मात्र दर महिन्याला निघायला लागलं, ते बरोबर जेवणाच्या वेळेला!

*

शेवटच्या वर्षी, प्रॅक्टिकलला महिना राहिला असताना, मला कावीळ झाली. डोळे पिवळेजर्द. डॉक्टरांनी सांगितलं, तेल बंद, तिखट बंद, तळलेलं-परतलेलं काही नाही, आणि पूर्ण विश्रांती.

आई धावत आली. मला घरी न्यायचं म्हणून एसटीचं वेळापत्रकही बघून आली होती. पण घरी गेले असते तर अभ्यास बुडून वर्ष गेलं असतं, आणि दादा कितीही बदलले असले तरी एक वर्ष वाया घालवून पुन्हा पाठवतील याची मला खात्री नव्हती. मी उशीत तोंड खुपसून रडत होते. तेव्हा एरवी मोठ्यांपुढे तोंड न उघडणारी यमू आईसमोर येऊन उभी राहिली.

"मावशी, घरी बागेची तोड चाललीय. तुम्ही कोणाकोणाचं बघणार? आम्ही करू तिचं."

"अगं, पथ्याचं सगळं वेगळं करावं लागतं. जमेल का तुम्हाला?"

"जमंल," यमू म्हणाली. संगीने मान हलवली. सुमनकाकू म्हणाल्या, "मी आहे ना खाली."

आई दोन दिवस राहून गेली, आणि माझं पथ्य सुरू झालं. मऊ भात आणि मुगाचं पाणी. उकडलेला दुधी. लाह्या. उसाचा रस. कोरडी भाकर दुधात. माझी भांडी वेगळी, पाणी उकळलेलं. संगी माझ्या उशाशी बसून नोट्स मोठ्याने वाचायची, यमू भरवायची. मला तेलाचा नुसता वास आला तरी उमळायचं, म्हणून खोलीत कढई चढतच नव्हती.

एकदा मी विचारलं, "तुम्ही दोघी काय खाता गं?"

"आम्ही खाली काकूंकडे जेवतो," संगी म्हणाली. "तू आमची काळजी करू नको. काकू रोज काहीतरी चमचमीत करतात."

मला थोडा हेवा वाटला, पण जिवाला बरंही वाटलं.

महिना असा गेला. प्रॅक्टिकलच्या तीन दिवस आधी पुन्हा रक्त तपासलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घ्यायला आम्ही तिघी आणि काकू दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी कागद पाहिला, माझे डोळे पाहिले आणि म्हणाले, "नॉर्मल! द्या परीक्षा. आणि आता हळूहळू सगळं खायला लागा."

सुटले! माझे पाय हलके झाले. जिना उतरून आम्ही बाहेर पायरीवर आलो, तर काकू त्या दोघींना म्हणाल्या, "चला, आज तरी खाली जेवायला या गं. महिनाभर बोलावतेय, एक दिवस आला नाहीत!"

मी संगीकडे बघितलं. संगी एकदम वाकून चपलेचा पट्टा नीट करायला लागली. मी यमूकडे वळले, तर यमू पायरीवर बसून ढसाढसा रडत होती. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले.

मी तिच्या शेजारी बसले. तिचा हात धरला. "यमू, वेडे, रडतेस कशाला? बरी झाले ना मी!"

यमूने ओढणीने नाक पुसलं.

"तुझ्यासाठी कोण रडतंय! आता फोडणी घालता येईल!"